काठावरची झाडं

इंग्लंडमधल्या कुठल्याही मोठ्या नर्सरीत ‘एक्झॉटिक’ अशी पाटी लावलेला एक कोपरा असतो. मराठी माणूस तिथे पोचला की आधी चक्रावतो, मग हसतो. कर्दळ, अळू, केळ, सोनटक्क्याची चुलत भावंडं. कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर, पाटाच्या कडेला, कुणी मुद्दाम न लावता माजणारी ही मंडळी इथे पंधरा-वीस पौंडांची चिठ्ठी गळ्यात अडकवून उभी असतात. घेणारे घेतातही. ऑगस्टमध्ये साउथॉल किंवा रेडिंगच्या एखाद्या परसात तीन मीटर उंच केळ पानं हलवत उभी दिसते, आणि पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: केळी लागतात का? उत्तराकडे नंतर येऊ.

लंडन ५१.५ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर पंधरा अंशांपर्यंतच चढतो. अशा ठिकाणी ही झाडं टिकवायची तर बहुतेक जण विचारतात, ‘हे उणे किती सोसतं?’ प्रश्न चुकीचा नाही, पण त्याने फारसं हाती लागत नाही. त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की या झाडाचा वाढीचा कोंब हिवाळ्यात कुठे असतो? जमिनीखाली, बुंध्यात की शेंड्यावर? हिवाळ्यात अख्खं झाड वाचवायचं नसतं. मूठभर आकाराचा तो कोंब वाचवायचा असतो. बाकी सगळं झाड पुन्हा तयार करतं.

आधी चिठ्ठीवरच्या आकड्यांचं बघू. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने झाडांना एच १ ते एच ७ अशा प्रती लावल्या आहेत. एच २ म्हणजे १ ते ५ अंशांपर्यंत सोसणारं, थोडक्यात हिमकण पडला की गेलं. एच ३ म्हणजे उणे ५ पर्यंत, एच ४ उणे १० पर्यंत, एच ५ उणे १५ पर्यंत. काठावरची झाडं म्हणजे मुख्यतः एच २ आणि एच ३. शाळेत काठावर पास होणारी मुलं असतात तशी: पेपर सोपा आला तर निभावतात, अवघड आला तर जुलैत पुन्हा बसतात. अमेरिकी झोनची पद्धत वेगळी. तिथे दर वर्षीच्या सर्वांत थंड रात्रीचं तापमान घेऊन त्यांची अनेक वर्षांची सरासरी काढतात. पण झाड सरासरीत मरत नाही, वाईट वर्षी मरतं.

अशी वर्षं येतात. इंग्लंडच्या नैऋत्य टोकापलीकडच्या सिली बेटांवरच्या ट्रेस्को बागेची लागवड ऑगस्टस स्मिथने १८३४ मध्ये सुरू केली. समुद्राच्या उबेवर तिथे दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिकोची झाडं दीडशे वर्षं उघड्यावर वाढत आली. जानेवारी १९८७ च्या बर्फाने आणि गारठ्याने त्यातला फार मोठा भाग झोपवला. डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधला शंभराहून जास्त वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला आणि रस्तोरस्तीच्या कॉर्डिलाइनचे (ताडासारख्या दिसणाऱ्या झाडांचे) शेंडे कुजून लोंबले. त्यातल्या पुष्कळ नंतर बुडख्यातून फुटल्या, पण खोड गेलं ते गेलंच. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश उष्णतेचा विक्रम झाला. आता इथे काहीही लावा, जगेल, असा सूर निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आठवड्याहून जास्त काळ पारा गोठणबिंदूच्या आसपास घुटमळला. लोकांनी काय काय गमावलं याच्या याद्या मार्चपर्यंत चालू होत्या. उलट स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची इन्व्हर्यू बाग मॉस्कोपेक्षाही उत्तरेला आहे, तरी अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथे टास्मानियाचे वृक्षनेचे (ट्री फर्न) उघड्यावर उभे आहेत. म्हणून नकाशातलं अक्षांश बघून झाडं ठरवू नयेत. समुद्र किती लांब, उतार कुठल्या बाजूला, भिंत कुठे, हे जास्त महत्त्वाचं.

थंडी झाडाला मारते म्हणजे नेमकं काय करते? पाणी आधी पेशींच्या मधल्या जागेत गोठतं. तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढतो, म्हणजे पेशी तहानेने मरते. पेशीच्या आतच बर्फ झाला तर आवरण फाटतं आणि तिथे खेळ संपतो. पानं दुसऱ्या दिवशी काळी, शिजवल्यासारखी लोंबतात. थंडीची सवय असलेली झाडं शरद ऋतूत पेशीरसात साखर साठवून हा धोका कमी करतात. उष्ण कटिबंधातल्या झाडांना ते येत नाही. त्यांना तर बर्फाचीही गरज नसते, दहा अंशांखालीच त्यांचं कामकाज बिघडतं. जळगावकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. रावेर-यावलच्या बागांत थंडीच्या लाटेत रात्र दहाच्या खाली गेली की पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, आणि निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या, वेळी गारठा असेल तर घड बुंध्यातच अडकतो. तिथे बागेभोवती शेवरीचं कुंपण लावतात ते वाऱ्यासाठी आणि गारठ्यासाठीही. विचार तोच आहे, इथे फक्त पारा आणखी दहा-पंधरा अंश खाली उतरतो.

आणि थंडीपेक्षाही मोठा शत्रू ओल. ब्रिटनचा हिवाळा कोरडा नसतो. नोव्हेंबर ते मार्च जमीन ओली, ऊन नाही, बाष्पीभवन नाही. थंड चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीला मात्र सगळं मिळतं. मेक्सिकोतला अगावे (आपल्या घायपाताचा भाऊबंद) त्याच्या डोंगरावर कोरड्या थंडीत उणे सात सहज काढतो; लंडनच्या चिकणमातीत तो उणे तीनला खालून सडतो, आणि मालक सगळ्यांना सांगतो की थंडीने गेला. अगावे लावायचाच असेल तर तिरका लावावा, पोटात पाणी साठता कामा नये, आणि वर नोव्हेंबरपासून काचेचं किंवा पॉलिकार्बोनेटचं छप्पर द्यावं, बाजू उघड्या ठेवून.

आता केळ. इथे उघड्यावर भरवशाने तग धरणारी केळ मुख्यतः एकच, मुसा बासजू. तिला जपानी केळ म्हणतात, मूळ घर दक्षिण चीन. आपली ग्रँड नैन, बसराई, वेलची यांतली कुठलीही जात हिवाळ्यात बाहेर ठेवली तर गड्ड्यासकट जाते. तो नाद कुंडीत आणि काचघरातच करावा. बासजू टिकते ती तिच्या रचनेमुळे. केळीचं खोड म्हणून जे दिसतं ते खोड नव्हेच, एकात एक बसलेल्या सोपांची, म्हणजे पानांच्या रुंद बुडांची, गुंडाळी असते. खरं खोड म्हणजे जमिनीतला गड्डा, आणि केळ निसवायला निघेपर्यंत वाढीचा कोंब त्या गड्ड्याच्या माथ्यावरच असतो. दक्षिण इंग्लंडमध्ये जमीन काही सेंटिमीटरच्या खाली सहसा गोठत नाही. त्यात गड्ड्यावर वीस-तीस सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन, साठ सेंटिमीटर त्रिज्येत, एवढं केलं तर वरचा सगळा बुंधा गेला तरी केळ परत फुटते.

मग लोक बुंधा गुंडाळतात कशासाठी? उंचीसाठी. गड्ड्यापासून सुरुवात करणारी केळ ऑगस्टअखेर दीड-दोन मीटर होते. दीड मीटरचा बुंधा शाबूत राहिला तर त्याच ऑगस्टमध्ये ती तीन-साडेतीन मीटर जाते, आणि दोन-तीन हिवाळे बुंधा वाचला तरच केळफूल दिसण्याची शक्यता असते. ज्यांना फक्त पानांचा पसारा हवा त्यांनी गुंडाळण्याच्या भानगडीत पडू नये, आच्छादन पुरेसं आहे. हे कुणी सांगत नाही, कारण गुंडाळलेली केळ ही इथे एक प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे.

गुंडाळायचीच तर घाई नको. पहिल्या कडक गारठ्याने पानं काळी पडू द्यावीत. साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य. हिरवी पानं कापली तर झाड पुन्हा नवी सुरळी काढत बसतं. पानं काळवंडली की दहा-पंधरा सेंटिमीटर देठ ठेवून छाटावीत. बुंधा जेवढा वाचवायचा तेवढ्यावर, म्हणजे दीड मीटरवर, धारदार सुरीने सपाट कापावा. कापावर सोपांची वर्तुळं दिसतात आणि मधोमध गुंडाळलेल्या कोवळ्या पानाचा पांढरा ठिपका. पाणी टपटप गळतं, तीन-चार दिवस गळू द्यावं, मग पुढचं काम.

बुंध्याभोवती चार बांबू ठोकून त्यांना कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळावी, बुंध्यापासून सगळीकडे पंचवीस सेंटिमीटर अंतर राहील अशी. आत गव्हाचा किंवा बार्लीचा कोरडा पेंढा सैल भरावा. चारा म्हणून मिळणारं वाळकं गवत चालत नाही, ते ओल धरतं, तापतं, कुजतं आणि त्यातलं बी वसंतात वाफाभर उगवतं. पेंढा कोंबून भरायचा नाही. ऊब देते ती पेंढ्यात अडकलेली हवा. बुंध्याच्या कापाच्या वर आणखी तीस सेंटिमीटर पेंढा यावा, आणि सगळ्यात वर पाणी वाहून जाईल असं तिरकं झाकण: प्लायचा तुकडा, जुनी स्लेट, नाहीतर खताची रिकामी पिशवी ताणून बांधलेली. बाजूंना हवं तर बागेचं पांढरं फ्लीस (झाडांवर घालायचं हलकं कापड), चौरस मीटरला तीस ग्रॅमवालं. सतरा ग्रॅमचं स्वस्त मिळतं, पण पहिल्याच वादळात त्याच्या चिंध्या होतात.

बाजूंना प्लास्टिक किंवा बबलरॅप मात्र अजिबात नको. दुपारच्या उन्हाने आत वाफ धरते, रात्री तेच पाणी बुंध्यावर गोठतं, आणि हा प्रकार शंभर दिवस चालतो. मार्चमध्ये उघडल्यावर जो वास येतो तो थंडीने मेलेल्या केळीचा नसतो, प्लास्टिकात कुजलेल्या केळीचा असतो.

नीट बांधलेल्या जाळीतही वरचा भाग थोडा सडलेला निघतोच. घाबरून झाड उपटू नये. वरून दहा-दहा सेंटिमीटरच्या चकत्या काढत खाली यावं. तपकिरी, पचपचीत, मग पिवळसर, मग एका जागी घट्ट, पांढरा, रसरशीत काप लागतो. तिथे थांबायचं. पंधरा दिवसांत त्या पांढऱ्या कापाच्या मधून सुरळी वर सरकते, ती सरकली म्हणजे कोंब जिवंत. पूर्ण खालपर्यंत पांढरं लागलंच नाही तर जून संपेपर्यंत पिलांची वाट बघावी. पेंढ्यात उंदीर घर करतात आणि गोगलगायी तर सहकुटुंब राहतात. उघडल्यावर पेंढा तिथेच पसरायच्या आधी झटकून बघावा.

मार्चच्या मध्यावर चार दिवस ऊन पडलं की उघडायचा मोह होतो. आधी फक्त झाकण काढावं, मग वरचा पेंढा, तेही ढगाळ दिवशी, कारण अंधारात वाढलेली फिकट सुरळी एकदम उन्हात आली की करपते. जाळी एप्रिलच्या मध्यानंतर काढावी आणि फ्लीस मेअखेरपर्यंत हाताशी ठेवावं. आणि पाहुण्याच्या प्रश्नाचं उत्तर: बासजूला केळफूल आलं, बोटाएवढी केळी धरली, तरी खाण्याजोगी होत नाहीत. आत गर कमी आणि काळं बी जास्त. केळफुलाची भाजी करायचा विचार कुणाच्या मनात आला तर आधी आठवावं, की निसवलेला बुंधा त्यानंतर मरणारच असतो, आणि तो तीन हिवाळे पेंढ्यात जपलेला असतो. पानं मात्र जेवायला वापरता येतात. गणपतीच्या दिवसांत ती पूर्ण हिरवी असतात, आणि वाऱ्याने फाटलेली नसतील तर पानगी करायलाही उत्तम.

लाल पानांची जी भव्य केळ बागांत दिसते ती मुसा नव्हे, एन्सेट. आफ्रिकेतली. तिला पिलं फुटत नाहीत, एकच बुंधा, एकच कोंब, आणि गारठ्याला नाजूक. म्हणजे पेंढ्याचं गणित तिथे लागू नाही. ऑक्टोबरात, गारठ्याच्या आधी, मुळं फुटभर ठेवून ती उपटावी, कोवळी सुरळी सोडून सगळी पानं छाटावीत आणि चार-पाच दिवस भिंतीला उलटी टेकवून ठेवावी. सोपांच्या बेचक्यांत लिटरभर पाणी सहज असतं आणि ते आत राहिलं तर बुंधा मधोमध सडतो. निथळली की कोरड्या कुंडीत, पाच ते दहा अंशांच्या गॅरेजमध्ये. एप्रिलपर्यंत पाण्याचा थेंब नाही. अघोरी वाटतं, पण घरात उबेत ठेवून रोज पाणी घातलेल्या एन्सेटपेक्षा ही जास्त जगतात. कारण घरात ऊब असते, उजेड नसतो, आणि उबेत उजेडाशिवाय वाढलेलं झाड मऊ, लांबट, रोगट होतं.

कंदवाल्यांचं काम तुलनेने सोपं. कोंब मातीखाली, वरचं सगळं दरवर्षी जाणारच.

कर्दळीचे कंद लंडनच्या मध्यभागी पंधरा-वीस सेंटिमीटर आच्छादनाखाली जमिनीतच राहतात. बर्मिंगहॅमच्या वर किंवा जड मातीत काढून ठेवावेत. पानं काळी पडल्यावर दांडे पंधरा सेंटिमीटरवर छाटावेत, माती फार न झटकता गड्डा उचलावा आणि किंचित ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (कुंड्यांत वापरतात त्या हलक्या, भुसभुशीत खनिजात) ठेवावा. इथे दोन टोकांच्या चुका होतात: पूर्ण कोरडे ठेवलेले कंद फेब्रुवारीपर्यंत सुकून लाकूड होतात, आणि ओले ठेवलेले बुरशी धरतात. महिन्यातून एकदा हात घालून बघणं हाच उपाय. कर्दळीचा दुसरा त्रास विषाणूंचा. पानांवर शिरांच्या कडेने फिकट, तुटक पट्टे, पानं मुडपलेली, फुलांच्या रंगात ओरखडे. खताची कमतरता म्हणून लोक त्याला खत घालत बसतात. उपाय नाही, झाड कंदासकट जाळायचं किंवा कचऱ्यात टाकायचं, आणि त्याला वापरलेली कात्री धुतल्याशिवाय शेजारच्या झाडाला लावायची नाही. स्वस्तात मिळणारे कोरडे कंद बऱ्याचदा हा विषाणू घेऊनच येतात. म्हणून कर्दळ पानांवर वाढलेली, डोळ्यांनी बघून घ्यावी.

सोनटक्क्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण मराठी माणसाला हवा असतो तो पांढरा, श्रावण-भाद्रपदात सुटणारा, संध्याकाळी घमघमणारा हेडिकियम कोरोनारियम. इथे तो जगतो, पण फुलत नाही. फूल येतं त्याच वर्षी वाढलेल्या दांड्याच्या टोकाला, आणि तो दांडा पुरा व्हायला लांब उबदार हंगाम लागतो. जूनमध्ये फुटलेल्या दांड्याला ऑक्टोबरात कळी दिसते आणि पहिल्या गारठ्यात ती जाते. तो हवा असेल तर मोठ्या कुंडीत लावावा, तीस लिटरच्या. फेब्रुवारीअखेर घरात अठरा-वीस अंशांत जागा करावा, जूनमध्ये बाहेर, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा आत. मग दिवाळीच्या आसपास दिवाणखान्यात वास सुटतो.

जमिनीत लावायला त्याची हिमालयातली भावंडं घ्यावीत. आसामातून वनस्पतिसंग्राहक किंग्डन-वॉर्डने १९३८ मध्ये गोळा केलेली ‘आसाम ऑरेंज’, आणि नेपाळातून टोनी शिलिंगने आणलेल्या ‘स्टीफन’ आणि ‘तारा’. पहिल्या दोन डेन्सिफ्लोरम जातीच्या, सगळ्यांत काटक. त्यांची फुलं ऑगस्टपासूनच येतात, म्हणजे गारठ्याच्या कितीतरी आधी. ‘तारा’ची केशरी तुऱ्यांची शान वेगळी, पण वास बेताचा. पिवळ्या गार्डनेरियानमला वास भरपूर, मात्र ती जरा नाजूक. सगळ्यांचे कंद आल्यासारखे उथळ, पृष्ठभागाला धरून वाढतात. लावताना पाच-सात सेंटिमीटर खोल, आणि नोव्हेंबरात पंधरा सेंटिमीटर आच्छादन. दांडे गारठ्याने पूर्ण वाळेपर्यंत कापू नयेत, त्यातलं अन्न कंदात उतरत असतं.

अळूला नर्सरी लागतच नाही. भारतीय दुकानातल्या अळकुड्या घ्याव्यात, ज्यांच्या टोकाला गुलाबी-पांढरा डोळा दिसतो अशा, घट्ट. मार्चमध्ये बावीस ते पंचवीस अंशांवर, उबेच्या चटईवर, ओलसर कोकोपीटमध्ये अर्ध्या पुरून ठेवल्या की तीन-चार आठवड्यांत फुटतात. पाचातल्या एक-दोन फुटतच नाहीत, त्या हिशोबानेच घ्याव्यात. रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांच्या वर स्थिरावल्याशिवाय बाहेर नेऊ नये. मे महिन्यात घाईने नेलेला अळू मरत नाही, रुसतो, आणि जुलैपर्यंत एकही नवं पान काढत नाही. तोवर घरात थांबलेला त्याच्या पुढे जातो. जुलै-ऑगस्टमध्ये कुंडी पाण्याच्या थाळीत ठेवली तरी चालते. वड्यांसाठी हाच वापरावा. काळ्या-जांभळ्या पानांचे शोभेचे प्रकार ताटात आणू नयेत. ते कुणी खाजेचा विचार करून निवडलेले नसतात आणि नर्सरीत त्यांच्यावर काय फवारलं ते कळत नाही.

आता ज्यांचा कोंब शेंड्यावर आहे ती झाडं. इथे चूक महाग पडते, कारण दुसरी संधी नसते.

रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४९ मध्ये चीनमधून ब्रिटनला पाठवलेला चुसान ताड, ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय, हा इथला सगळ्यांत भरवशाचा. मोठं झालेलं झाड उणे दहा-बाराला हलत नाही. त्याला हिवाळ्यात गुंडाळणं म्हणजे पैसे आणि फ्लीस दोन्ही वाया. त्याचा खरा त्रास वाऱ्याचा, पंखे फाटून चिंध्या होतात. वारा असेल तर लहान, कडक पानांचा वॅग्नेरियानस लावावा. रोपावस्थेत मात्र काळजी हवी. मार्चमध्ये मधल्या न उघडलेल्या पानाला हलकेच ओढून बघतात. ते हातात आलं, बुडाशी तपकिरी आणि कुबट वासाचं असेल, तर कोंब कुजायला लागला आहे. कोकणात नारळाला होतो तोच प्रकार, आणि उपायही तसाच: सडका भाग खरवडून काढायचा, तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस थांबल्यावर निथळू द्यायचं, पुन्हा दोन-तीनदा. मग शेंड्यावर पाऊस पडू नये असं छप्पर. कोंब खोलवर शाबूत असेल तर उन्हाळ्यात अर्धवट, कापल्यासारखी दिसणारी पानं वर येतात, ती चांगली खूण.

वृक्षनेचा, डिक्सोनिया अंटार्क्टिका, विकत मिळतो तो ओंडक्यासारखा, फुटाच्या भावाने. टास्मानियातून आलेल्या खोडावर तिथल्या सरकारी यंत्रणेचा टॅग असतो, तो बघून घ्यावा. खोड वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वाढतं, म्हणजे कमरेएवढा नेचा आपल्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. तो जे खोड म्हणून दाखवतो त्याचा बराचसा भाग मुळांचं जाळं आहे, त्यामुळे पाणी मुळाशी नव्हे, खोडावर घालायचं. पहिल्या उन्हाळ्यात रोज. उभा राहील इतकाच पुरावा, दहा-पंधरा सेंटिमीटर. हिवाळ्यात शेंड्याच्या खळग्यात दोन-तीन मुठी कोरडा पेंढा, त्यावर जुनी पानं आत दुमडून सैल बांधायची, उणे पाचाखाली जाणार असेल तर खोडाला फ्लीसचे दोन वेढे. बांधलेलं सोडायची वेळ अवघड असते: उशीर केला तर नव्या कुरळ्या, म्हणजे गुंडाळलेली कोवळी पानं, पेंढ्यात वाकड्या होतात, लवकर केला तर एप्रिलच्या एका रात्रीत सगळ्या काळ्या पडतात. गेलेल्या कुरळ्यांची भरपाई नेचा त्या वर्षी क्वचितच करतो, साठ्यावर जगतो. असं लागोपाठ दोन वसंत झालं तर साठाही संपतो.

जागेबद्दल. दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीपाशी थंड रात्री दोन-तीन अंश सहज जास्त मिळतात, आणि छपराच्या पागोळीच्या आतल्या पट्ट्यात हिवाळ्यात माती कोरडी राहते. अगावे, पांढरा सोनटक्का असले हट्ट तिथे. गार हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहते. उताराच्या तळाशी भरीव कुंपण असेल तर ती तिथे तुंबते. कुंपणाच्या फळ्या खालून वीस सेंटिमीटर उघड्या ठेवल्या तरी फरक पडतो. चिकणमातीत खड्डा खणून त्यात वाळू-खडी भरायची सल्लेबाजी ऐकू नये: आजूबाजूच्या मातीतलं सगळं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि झाड हौदात बसतं. त्यापेक्षा पंचवीस सेंटिमीटर उंच गादीवाफा, त्यात चार ते दहा मिलिमीटरची बागेची खडी एक तृतीयांश.

लागवड मेअखेर ते जून. सप्टेंबरात नर्सऱ्या ही झाडं अर्ध्या किमतीला काढतात, ती दुकानदाराची सोय असते. मुळं न धरलेलं झाड हिवाळ्यात ढकलण्यापेक्षा पूर्ण किमतीला जूनमध्ये घ्यावं. खत भरपूर, केळ आणि कर्दळ दोन्ही खादाड: कोंबडखताच्या गोळ्या चौरस मीटरला शंभर-दीडशे ग्रॅम, एप्रिलअखेर आणि पुन्हा जूनअखेर. ऑगस्टपासून नत्र बंद, पालाश चालू. टोमॅटोचं द्रवखत पुरतं. सप्टेंबरात नत्र मिळालेली केळ सुंदर दिसते आणि नोव्हेंबरात तीच आधी कोसळते, कारण तिची वाढ कोवळी राहिलेली असते.

बाग फक्त काठावरच्या झाडांनी भरू नये, असं माझं ठाम मत आहे. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या बागेत ख्रिस्तोफर लॉइड आणि फर्गस गॅरेट यांनी १९९३ मध्ये जुनी गुलाबबाग काढून तिथे उष्ण कटिबंधाचा देखावा उभा केला आणि तेव्हा पुष्कळ भुवया उंचावल्या. ते जमलं याचं एक कारण नाजूक झाडांच्या मागे मोठ्या पानांची काटक झाडं होती. फॅट्सिया, बांबू, लोकाट, टेट्रापॅनॅक्स यांना हिवाळ्यात काही करावं लागत नाही आणि जानेवारीत बाग उजाड दिसत नाही. टेट्रापॅनॅक्सच्या मुळ्या मात्र दोन मीटरवर शेजाऱ्याच्या हिरवळीत डोकं काढतात, आणि पानांवरची लव घशात गेली तर दिवसभर खोकला. आणि प्रचंड पानांची गनेरा कुणी फुकट देऊ केली तरी घेऊ नये: ब्रिटनमध्ये तिच्या मॅनिकाटा जातीची म्हणून विकली जाणारी जवळपास सगळी झाडं संकर असल्याचं २०२२ मध्ये उघड झालं आणि तो संकर आता बंदीच्या यादीत आहे. आधीपासून असलेलं झाड ठेवता येतं, पण पसरू द्यायचं नाही आणि कुणाला द्यायचंही नाही.

घरातली झाडं बाहेर काढायचा इथला रूढ मुहूर्त मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला, चेल्सीच्या फुलांच्या प्रदर्शनाच्या सुमाराचा. त्याआधी दहा-चौदा दिवस सवय लावायची: पहिले चार दिवस सावलीत तासभर, मग दिवसभर, मग उन्हात, शेवटी रात्रीही. सवय न लावलेल्या केळीच्या पानांवर एका दुपारीत पांढरे कागदी डाग पडतात. लावल्या दिवसापासून रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचाव्यात. न उघडलेल्या सुरळीला पाडलेलं एक भोक पान उघडल्यावर दहा भोकांची रांग होऊन दिसतं. हेडिकियम, म्हणजे सोनटक्क्याचं कुळ, सगळ्यांत उशिरा उठतं, जूनचा दुसरा आठवडा उजाडला तरी वर काही नसेल. तेव्हा फावडं घालून बघू नये, बोटाने आच्छादन बाजूला करावं. कंद दाबून घट्ट लागला आणि टोकाशी लालसर कोंब जाणवला की माती परत ओढून घ्यावी. तो कोंब मोडला तर कंद जगतो, पण पुढचा फुटवा जुलैत येतो आणि मग त्या वर्षीचं फूल गारठ्याच्या आधी गाठता येत नाही.